भूत दिवसा पाहा, भजन संध्याकाळी ऐका

नागपूरवरून चिखलदऱ्याले जायचा प्लॅन असन तर सकाळी नका निघू, जेवण करून दुपारी निघा, कारण अमरावतीच्या आधी हायवेवरच मोझरी लागते आणि गुरुकुंज आश्रमात तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सापडली पायजे. मोबाईल खिशात ठेवा आणि मागं गपचूप बसा. खंजिरीवर बोटं पडतात न भाऊ, तेव्हा आधी चामड्याचा आवाज येते आणि मग झांजांची खणखण मागून येते, ते स्पीकरवर नाही समजत.

मुक्काम अमरावतीले. पहाटे परतवाड्यात टाकी फुल करा, ऑफलाइन मॅप टाकून घ्या कारण घाटात नेटवर्क जाते आणि मग लोक म्हणतात चकवा लागला.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर मात्र उन्हातच फिरायचं. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, लय माणसं मेली, म्हणून इथं रात्री आवाज येतात असं सांगणारे पुष्कळ भेटतीन. मले तर कोणी भेटलं नाही बाप्पा, पण गवतात लपलेली पाण्याची जुनी टाकी आणि ढासळलेल्या भिंती भेटल्या, वरून मेळघाटचं जंगल, म्हणजे बिबट्या, अस्वल सगळेच शेजारी. भुताच्या नादानं अंधारात रील काढाले गेले तर पाय टाक्यातच जाईन. पाणी सोबत न्या, पावसाळ्यात दगड शेवाळानं निसरडे असतात, चप्पल तर नकोच.