रिबिनी घरी ठेवून या: शो सोडून हंटला येणाऱ्या मराठी घोडेस्वारांसाठी

दर ऑगस्टमध्ये मला दोन-तीन फोन येतात. इथल्याच, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नहून, लीसबर्गहून, कधी नदीपलीकडच्या मेरीलँडमधून. बोलणारी बहुधा बाई. मुलीला रायडिंगच्या क्लासला सोडता सोडता स्वतःच घोड्यावर बसायला लागलेली, पाच-सहा वर्षं हंटर-जम्परचे शो, म्हणजे रिंगणातल्या उड्यांच्या स्पर्धा, केलेली, आणि आता रिंगणात गोल गोल फिरून कंटाळलेली. प्रश्न ठरलेला: "फॉक्सहंटिंगला यायचंय, काय काय लागतं?" फॉक्सहंटिंग म्हणजे फॉक्सच्या वासावर धावणाऱ्या हाउंडच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या, मागे घोड्यावरून रानात जाणं; त्याला आणि ते चालवणाऱ्या क्लबलाही हंट म्हणतात. दर वेळी तासभर बोलते आणि निम्मं सांगायचं राहतं, म्हणून यंदा लिहूनच काढते आहे.

माझी पार्श्वभूमी एवढीच: मी पुण्याची. लहानपणी घोडा म्हणजे माथेरानचा, तोही घोडेवाल्याने लगाम धरून चालवलेला. नीट शिकले ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इथे व्हर्जिनियात. सात वर्षं शो केले. हंटचा हा बारावा हंगाम.

पहिला प्रश्न घरचे विचारतील, माझ्या आईने विचारला होता: "अगं, म्हणजे कोल्हा मारता तुम्ही?" आधी शब्दाचं बघू. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा हौस फॉक्सची, पण हाताशी कोल्हा, म्हणून उटीला त्यांचे हाउंड कोल्ह्यामागे धावायचे. इथल्या रानात तांबडं खोकड आहे आणि करडं खोकड आहे. करडं छोटी छोटी वर्तुळं काढत पळतं आणि चक्क झाडावर चढतं. शिवाय हल्ली कायोटी आहे, तो खरा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद.

आता मारण्याचं. अमेरिकेत हंटचा उद्देश पाठलाग हा असतो. खोकड बिळात शिरलं की हंट्समन, म्हणजे हाउंड सांभाळणारा, शिंग फुंकून हाउंडना शाबासकी देतो आणि त्यांना घेऊन पुढे निघतो. बीळ उकरत नाहीत. पण कधीच काही मरत नाही असं मी सांगणार नाही. आजारी किंवा म्हातारं जनावर सापडतं कधीतरी. हे मनाला पटत नसेल तर ड्रॅग हंट बघा; तिथे आधी वासाची रेघ ओढून ठेवतात आणि हाउंड त्या रेघेवर धावतात, खरं जनावर नसतंच. इंग्लंड-वेल्समध्ये २००४च्या कायद्यानंतर हाउंडच्या टोळीने खोकडाची शिकार करायला बंदी आहे, तेव्हा यूट्यूबवर तिकडचे वाद बघून इथली कल्पना करू नका. आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढं धावता कशाला?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आपण राहतो ती जागा मात्र या बाबतीत नशीबवान. ॲशबर्नच्या डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती मागे टाकून रूट ५० धरला की पाऊण तासाच्या आत मिडलबर्ग. अमेरिका-कॅनडातल्या हंटच्या मास्टर, म्हणजे प्रमुख, मंडळींची १९०७ साली स्थापन झालेली संघटना याच गावी आहे. थोडं पुढे अपरव्हिल. तिथला घोड्यांचा शो १८५३पासूनचा, देशातला सगळ्यात जुना. आणि त्याच टापूतला पीडमाँट फॉक्स हाउंड्स हा हंट १८४०चा, तोही सगळ्यात जुना म्हणून ओळखला जातो. तुम्ही जे सोडताय आणि जिथे येताय ती दोन्ही एकाच रस्त्यावरची घरं आहेत. शोमधला 'हंटर' वर्ग मुळात इथूनच निघाला: रानात दिवसभर अंगावर बसवून नेईल असा शहाणा, सुखाच्या चालीचा घोडा कोणता, हे ठरवण्यासाठी. आता शोमधले बरेचसे हंटर उभ्या जन्मात हाउंड बघत नाहीत.

रिंगणात आपण काय शिकतो? दोन अडथळ्यांत साठ फुटांचं अंतर असेल तर मध्ये बरोबर चार ढांगा. चाल एकसारखी, मान गोल, वळणावर लीड (पुढे पडणारा पाय) बदललेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं आपोआप होतंय. आठ उड्या, दोन मिनिटं, आणि सगळ्यांचे डोळे तुमच्यावर. हंटमध्ये तुमच्याकडे कोणी बघत नाही. शोवाल्यांना याचीच सवय सगळ्यात उशिरा लागते, मला तरी लागली. इथे नाक हाउंडचं, डोकं हंट्समनचं. आपण मागून जाणारी वरात. मराठीत ज्याला 'आपलं घोडं पुढे दामटणं' म्हणतात, ते इथे शब्दशः निषिद्ध आहे. घोडेस्वारांच्या प्रत्येक गटाला फील्ड म्हणतात, आणि त्याच्यापुढे एक फील्ड मास्टर असतो. त्याच्या पुढे जायचं नाही, काहीही झालं तरी नाही.

आणि मी नेमकी पहिल्याच दिवशी गेले. सप्टेंबरची सकाळ, सात वाजलेले, गवतावर दव. तेव्हाचा माझा घोडा वॉर्मब्लड प्रकारचा, उंचापुरा, शोमध्ये अगदी सद्गुणी बाळ. पंचवीस घोडे एकदम पळायला लागल्यावर त्या बाळाच्या अंगात आलं. मी लगाम ओढतेय, तो मान वर करून चौखूर उधळलाय, आणि मी फील्ड मास्टरच्या बाजूने "सॉरी, सॉरी" म्हणत थेट पुढे. त्यांनी आवाजही चढवला नाही. नंतर सगळे थांबले तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "छान घोडा आहे. उद्यापासून तिसऱ्या फील्डमध्ये, सगळ्यांच्या शेवटी." आख्खा हंगाम तिथे काढला. त्या हंगामात जेवढं शिकले तेवढं शोच्या सात वर्षांत शिकले नव्हते.

म्हणून तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पहिलं फील्ड उड्या मारत हाउंडच्या पाठोपाठ जातं. दुसरं जमेल तिथे उडी मारतं, नाहीतर फाटकातून जातं. तिसऱ्याला हिलटॉपर म्हणतात. उड्या नाहीत, टेकडीवरून बघायचं, आणि पुष्कळदा खोकड यांनाच दिसतं. शोला साडेतीन फूट मारत होतो म्हणून थेट पहिल्या फील्डमध्ये जायचा मोह होईल. पण रिंगणातला दांडा धक्का लागला की पडतो. इथे असतो कूप, तारेच्या कुंपणावर बसवलेलं लाकडी छप्पर, किंवा शे-दीडशे वर्षांची दगडी भिंत. ती पडत नाही, तुम्ही पडता. आणि चार ढांगा मोजायला जागाच नसते: उतार, चिखल, वर पुढच्या घोड्याने उडवलेली माती. मोजणं सोडा, लांब बघा, मानेवरचा पट्टा किंवा आयाळ धरा. रिंगणात आयाळ धरणं दिसायला वाईट. इथे ती साधी अक्कल.

घोड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच होते. शोचा घोडा तंदुरुस्त दिसतो, पण तीन-चार तास टेकड्या चढ-उतार करायचा दम त्याच्यात नसतो. जूनपासून चढावर चालवा, मग दुडकी, मग हळूहळू कँटर, म्हणजे संथ दौड. दोन-अडीच महिने लागतात. दुसरं म्हणजे उभं राहणं. हाउंड वास शोधत असतात तेव्हा वीस-वीस मिनिटं गर्दीत गप्प उभं राहावं लागतं, आणि बाकीचे घोडे लांब निघून जाताना आपल्याला थांबावं लागतं. हे घरी चार मैत्रिणी जमवून घोटून घ्या. तिसरं, थंडीत दाट केस वाढलेला घोडा घामाने थबथबतो, म्हणून क्लिप करून, म्हणजे केस कापून, घ्या. नेहमीच्या साध्या बिटवर (लगामाच्या तोंडातल्या दांडीवर) तुमचा घोडा रिंगणात थांबत असेल. रानात कदाचित जरा कडक बिट लागेल, यात कमीपणा काही नाही.

रिबिनींचा अर्थही बदलतो. अमेरिकेतल्या शोत निळी पहिली, लाल दुसरी. इथे घोड्याच्या शेपटीला लाल रिबीन बांधलेली दिसली तर समजा, हा लाथ मारतो. हिरवी असेल तर घोडा नवखा. आपला घोडा लाथ मारतो हे मान्य करायला लाजू नका. दुसऱ्या घोड्याला लाथ बसली तर चालून जातं, माफी मागता येते. हाउंडला बसली तर त्याहून मोठं पाप नाही. हाउंड जवळून जात असतील तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवा, मागचे पाय नाही. आणि कृपा करून त्यांना 'डॉग्ज' म्हणू नका. ते हाउंड. त्यांची मोजणीही बैलांसारखी जोडीने: एकतीस हाउंड म्हणजे साडेपंधरा जोड्या.

बोलण्याचे नियम आपल्याला सोपे जातात, कारण वडीलधाऱ्यांना पाया पडून निघणाऱ्या घरातले आपण. आल्यावर टोपीला हात लावून "गुड मॉर्निंग, मास्टर". बाई असल्या तरी मास्टरच. निघताना न सांगता निघायचं नाही, आणि दुपारचे बारा वाजले असले तरी म्हणायचं "गुड नाइट, मास्टर". पहिल्यांदा मला हसू आलं होतं. "होल!" असं पुढून ऐकू आलं तर ग्राउंडहॉगचं बीळ आहे, बघा, आणि मागच्याला सांगा. "होल्ड हार्ड" म्हणजे जागच्या जागी थांबा. हाउंड वास शोधत असताना गप्पा बंद, फोन बंद. खोकड दिसलं तर किंचाळू नका, फील्ड मास्टरला हळूच दाखवा.

कपड्यांवर लोक अवाजवी घाबरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस अनौपचारिक: ट्वीडचा कोट, साधी टाय किंवा रंगीत स्टॉक, म्हणजे गळ्याला गुंडाळायचा लांब कापडी पट्टा. नोव्हेंबरच्या सुमारास ओपनिंग मीट, म्हणजे मुख्य हंगामाची औपचारिक सुरुवात, झाली की काळा किंवा गडद निळा कोट, पांढरा स्टॉक. शोचा पातळ ताणणारा कोट जानेवारीत उपयोगाचा नाही, आणि काटेरी झुडपांत दोन दिवसांत फाटेल. जाड लोकरीचा जुना घ्या, वापरलेले भरपूर मिळतात. चमचमत्या खड्यांचं हेल्मेट घरी. लाल कोट आपल्यासाठी नाही, तो मास्टर, हंटचे कर्मचारी आणि मान मिळालेले पुरुष घालतात. स्टॉकची पिन मात्र आडवी लावा. उभी लावलीत आणि पडलात तर ती गळ्यात घुसते. स्टॉक पडल्यावर बँडेज म्हणूनही कामी येतो; त्यानेच मी स्वतःचं मनगट बांधून घरी आले आहे, म्हणून सांगते.

पैशाचं: पाहुणा म्हणून एक दिवस यायचं तर 'कॅप', म्हणजे त्या दिवसाची फी, भरायची. हंगामात ठरावीक वेळाच असं येता येतं, मग सभासद व्हायचं. शोच्या एका आठवड्याला स्टॉल, ट्रेनर, एन्ट्री, हॉटेल यांचा जो खर्च होतो त्याच्याशी ताडून बघा आणि मग नवऱ्याशी बोला.

पण खरी किंमत जमिनीची. आपण ज्या शेतांतून धावतो ती लोकांची खाजगी आहेत. मालकाने परवानगी दिली म्हणून आपण तिथे. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. गहू पेरलेल्या वावरातून घोडा घालायचा नाही, बांधाबांधाने जायचं. हे शेतकऱ्याच्या नातवंडांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात कूप दुरुस्त करायला, वाटा साफ करायला हातोडी-करवत घेऊन जा. लांब बाह्या घाला आणि घरी आल्यावर अंगभर गोचीड शोधा, इथे लाइम रोग खरोखर होतो. मी आमच्या हंटमध्ये रुळले ती घोड्यावरून नाही, करवतीमुळे. नवीन माणूस कामाला आला की नाव लक्षात राहतं, मग नाव कितीही अवघड असो.

शेवटी खाणं. हंट संपल्यावर ट्रेलरच्या मागे जे जेवण मांडतात त्याला दुपारी दोन वाजले तरी 'ब्रेकफास्ट' म्हणतात. शाकाहारी असाल तर बिस्किटात (इथल्या मऊ पावात) हॅम, चिलीत (मसालेदार रश्श्यात) गोमांस, म्हणून आपला डबा आणा, आणि जरा जास्तच आणा. माझ्या कोथिंबीर वड्या पाच मिनिटांत संपतात. एका संक्रांतीला मी खिशातून तिळगूळ नेला होता. हाउंड झाडीत होते, सगळे थांबलेले, घोड्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. मास्टरच्या हातमोज्यावर एक वडी ठेवली आणि "गोड बोला" याचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "हाउंड बोलेपर्यंत कोणीच बोलू नये." तेवढ्यात झाडीतून पहिला आवाज आला, मग दुसरा, मग सगळे एकदम, आणि शिंग. तिळगूळ तोंडात तसाच, आणि आम्ही निघालो.

आत्ता काय कराल? तुमच्या भागातल्या हंटच्या सेक्रेटरीला फोन करा आणि सकाळी हाउंड फिरवायला नेतात तेव्हा पायी जाऊ का, असं विचारा. घोडा नंतर. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे आलात तर मी तिसऱ्या फील्डच्या शेवटी असते, पिंगट घोडीवर. तिच्या शेपटीला लाल रिबीन आहे, तेव्हा जरा अंतर ठेवूनच हाक मारा.