क्लचचं पेडल खाली गेलं म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून येताना कळ्याच्या अलीकडं माझ्या गाडीचा क्लच मऊ लागायला लागला आणि फुलेवाडीत येईपर्यंत पेडल पार खाली टेकलं, पायानं उचलून वर घ्यायचं, परत दाबायचं, असं करत कसाबसा घरी आलो. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न बघताच सांगितलं की क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागतोय, दोन दिवस गाडी ठेवा. मी म्हटलं थांबा जरा. संध्याकाळी बॉनेट उघडलं तर क्लचच्या ऑइलचा (म्हणजे ब्रेक ऑइलचाच) डबा तळाला गेलेला आणि खालच्या सिलिंडरचं रबर ओलं. किट म्हणजे आतल्या रबरी वॉशरचा संच बदललं, एअर म्हणजे आत शिरलेली हवा काढली, क्लच पहिल्यासारखा झाला. प्लेटला हातसुद्धा लावला नाही, ती अजून चालू आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं बघा तुमच्या गाडीला केबल आहे की हायड्रोलिक. जुनी मारुती ८०० सारखी गाडी असेल तर केबल असते, तिला यातलं काही लागू नाही. हायड्रोलिकमध्ये पेडलच्या मागं मास्टर सिलिंडर असतो, आपल्याकडं वरचा सिलिंडर म्हणतात, आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह म्हणजे खालचा सिलिंडर. पेडल दाबलं की वरचा ऑइल ढकलतो, खालच्याचा पिस्टन फोर्क ढकलतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. मध्ये कुठं ऑइल गळालं किंवा हवा शिरली तर पेडल दाबलं तरी प्लेट पूर्ण सुटत नाही. ऑइल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणूनच पेडल स्पंजसारखं लागतं.

आता प्लेट की हायड्रोलिक हे घरच्या घरी कसं ओळखायचं. गिअर पडंना, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज, पेडल पूर्ण दाबूनही गाडी हळूच पुढं सरकतीय, तर क्लच सुटत नाहीये, आधी हायड्रोलिकवर संशय घ्या. उलट चढाला इंजिन नुसतं ओरडतंय, आरपीएम वाढतंय पण गाडी ओढत नाही, तर क्लच स्लिप होतोय, ते बहुतेक प्लेटचं काम. त्यातही एक मेख आहे, कधीकधी वरच्या सिलिंडरमधून ऑइल परतच येत नाही आणि प्रेशर अडकून क्लच स्लिप होतो. स्लिप होत असताना खालच्या सिलिंडरवरचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, क्षणभर सैल करून बघा, ऑइलची पिचकारी उडाली आणि क्लच लगेच धरायला लागला तर प्लेट चांगली आहे. ही एक गोष्ट तपासली तरी लई पैसे वाचतात.

मग पेडल भरभर पाच-सहा वेळा पंप करा. पंप केल्यावर पेडल घट्ट झालं, गिअर सरळ पडला, तर हवा तरी आहे नाहीतर वॉशर गेलाय. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा, ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठंच गळती दिसत नसेल तर वरच्या सिलिंडरचे वॉशर आतल्या आत ऑइल सोडतायत.

गळती तीन ठिकाणी शोधायची. पेडलच्या दांड्याजवळ, म्हणजे पायाखालची मॅट उचलून बघा ओली आहे का. खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत, ती थोडी उचलून बघा. आणि गिअरबॉक्स इंजिनला जोडतो त्याच्या खालच्या बाजूला. काही गाड्यांत स्लेव्ह आत रिलीज बेअरिंगबरोबरच असतो, तो गळाला तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून पर्याय नाही. टपकलेलं नेमकं काय आहे कळंना तर थोडं बोटावर घ्या आणि पाणी टाका, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून धुऊन जातं, गिअर ऑइल चिकटच राहतं.

लई गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो. माझाही तसाच निघाला आणि त्या दिवशी आपण घाटरस्त्यानं आलोय हे आठवून अंगावर काटा आला. क्लचची नळी सहसा डब्याला वरच्या बाजूला जोडलेली असते म्हणून ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहतं, पण त्या भरवशावर गाडी चालवायची नाही. लेव्हल खाली आणि पेडल मऊ असेल तर टोइंग बोलवा.

एअर काढायला दोघं लागतात. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी म्हणजे जॅक स्टँड लावाच. डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. इंजिन ऑइल चुकूनही टाकायचं नाही, आतले वॉशर फुगतात आणि मग अख्खी सिस्टीम बदलायला लागते. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. मी खाली आणि पोरगा पेडलवर होता. तो हळू तीन-चार वेळा दाबून पेडल खाली धरणार आणि "दाबलं" म्हणणार, मी निपल अर्धा आटा सोडणार, बुडबुडे बाहेर, निपल बंद, मग मी "सोड" म्हणणार. निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा परत आत, सगळी मेहनत वाया. दर पाच-सहा वेळेला डबा भरत राहा, तो रिकामा झाला तर पहिल्यापासून सुरुवात. निपल जाम असेल तर रिंग पाना वापरा, फिक्स पान्यानं कोपरे झिजतात. ऑइल पेंटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, पेंट उचलतं ते.

गळती असेल तर नुसती एअर काढून चार दिवसांत परत तेच. खालचा सिलिंडर काढा, पिस्टन बाहेर घ्या आणि आतला बोअर बोटानं तपासा. गुळगुळीत असेल तर किट टाका, खड्डे किंवा गंज लागला असेल तर नवाच घ्या, किट टिकत नाही. वॉशरला लावायला स्वच्छ ब्रेक ऑइलच वापरा, ग्रीस किंवा डिझेल नको. आपल्या कोल्हापूर पट्ट्यात पाऊस एवढा की रबरी टोपी फाटली की पाणी आत जातं आणि सिलिंडर आतून गंजतो, माझ्यात तेच झालं होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि ऑइल अजून तेच आहे, त्यांनी ते काळं-मळकट झालंय का आज बघावं. एरवीही दोन वर्षांनी बदलायचं.

काम झालं की इंजिन चालू करून पेडल दाबा, तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाका, आवाज न होता पडला पाहिजे. मग रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि पेडल पहिल्याच दाबात वर लागलं तर गाडी बाहेर काढायला हरकत नाही.