स्प्युरिया आयरिस: कोरड्या, उष्ण बागेसाठी लावणीपूर्व तयारी

सगळ्यात आधी जागा पक्की करा, कारण स्प्युरिया (आयरिस या कंदापासून वाढणाऱ्या फुलझाडाचा एक प्रकार) एकदा लावलं की आठ-दहा वर्षं हलवायचं नसतं. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. हिरवळीच्या फवाऱ्याचं किंवा शेजारच्या रोपांच्या ठिबकचं पाणी तिथे येत असेल, तर जागा कितीही छान असो, सोडून द्या. पाणी बारमाही लागणाऱ्या झाडांत स्प्युरिया टिकत नाही. शरद ऋतूत पालवी फुटल्यापासून फुलं संपेपर्यंत त्याला भरपूर पाणी लागतं. उन्हाळ्यात पानं वाळतात, झाड झोपी जातं आणि तेव्हा ते कोरडंच राहायला हवं. म्हणून या वाफ्याच्या नळीला वेगळी चावी बसवून घ्या.

लावणीच्या महिनाभर आधी माती 30 सेंमी खोल खणा आणि पूर्ण कुजलेल्या शेणखताचा 8 ते 10 सेंमी थर मिसळा. हे झाड खादाड आहे, खताला हात आखडू नका. चिकण माती चालते, किंचित अल्कधर्मीही चालते. पाणी साचणं मात्र चालत नाही. खड्डा पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर वाफा 15-20 सेंमी उंच करा.

कंद उन्हाळ्याची धग ओसरल्यावरच मागवा. दाढीवाल्या आयरिसचे (पाकळीवर केसाळ पट्टा असलेला दुसरा प्रकार) कंद कोरडे ठेवले तरी तगतात, याचे नाहीत. आल्याबरोबर मुळं ओल्या कागदात गुंडाळा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. कंदावर 5 सेंमी माती, दोन रोपांत 60 ते 90 सेंमी अंतर. मुळं खाली पसरवून माती दाबा, लगेच भरपूर पाणी द्या आणि नवी पालवी धरेपर्यंत ओल मोडू देऊ नका.

उन्हाळ्यात बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढ्या तपकिरी गोळ्या दिसल्या, तर ती तापलेल्या ओल्या मातीतली कूज समजा. पाणी बंद करा, मऊ पडलेले कंद आणि भोवतालची माती उचलून बागेबाहेर टाका. कंपोस्टमध्ये नको, त्या गोळ्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

वाळलेली पानं कापायला धारदार कात्री आणि हातमोजे जवळ ठेवा. रसाने कातडीला खाज सुटू शकते. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर कंद उकरून पाहू नका. मुळं तेव्हा जम बसवत असतात.