कन्सल्टंट मध्ये असताना कंपनीशी थेट कधी बोलावं?

मुंबईत भाड्याने घर घेतलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही: ब्रोकरने खोली दाखवली, की त्याच्या नकळत मालकाला गाठून ‘आपण दोघंच बघून घेऊ’ म्हणायचं नसतं. (म्हणणारे म्हणतात, ते सोडा.) नोकरीच्या बाबतीत मात्र चांगली जाणती माणसं हेच करून बसतात.

इथे तर दलाली तुमच्या खिशातून जातही नाही. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीची फी कंपनी भरते. आपल्याकडे ती बरेचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के असते, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तीही तुम्ही रुजू झाल्यावर. आणि ६० किंवा ९० दिवसांच्या आत तुम्ही नोकरी सोडलीत, तर बऱ्याच करारांत कन्सल्टंटला दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. एवढं गणित डोक्यात ठेवा. उमेदवाराकडेच ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणारा कोणी भेटला, तर शिष्टाचाराचा प्रश्नच मिटला. फोन ठेवून द्या.

आधी माणूस ओळखा

‘एचआरमधून बोलतेय’ असं दोघी म्हणतात, कंपनीच्या पगारावर असलेलीही आणि बाहेरच्या कन्सल्टन्सीतलीही. तेव्हा सरळ विचारा, ‘मॅडम, तुम्ही कंपनीच्याच ना, की कन्सल्टन्सीच्या?’ आलेल्या मेलचा पत्ताही बघा. ती कंपनीचीच असेल, तर पुढचं काही लागू नाही.

नाव कळल्याशिवाय रेझ्युमे देऊ नका

‘मोठी एमएनसी आहे सर, लोकेशन बीकेसी, क्लायंटचं नाव नंतर सांगते.’ हे वाक्य ऐकलं नसेल असा उमेदवार मुंबईत सापडणं कठीण. नाव लपवण्याचं कारण उघड आहे: तुम्ही परस्पर अर्ज कराल ही भीती. ती भीती काढून टाका आणि बदल्यात स्वतःची अट घाला: ‘नाव सांगा, त्या जागेसाठी मी वेगळा अर्ज करणार नाही. पण मला विचारल्याशिवाय माझा रेझ्युमे कुठल्याही कंपनीला पाठवू नका.’ फोनवर बोललात तरी हेच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. शिवाय एका वहीत तारीख, कंपनी, पद आणि कोणामार्फत, एवढी नोंद करा. त्या कंपनीत तुम्ही आधीच अर्ज केला असेल, तर ते नाव ऐकल्याबरोबर सांगायचं.

ही वही मी उशिरा धरली. काही वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका कंपनीसाठी मंगळवारी कन्सल्टंटला होकार दिला आणि गुरुवारी कॉलेजचा मित्र भेटला. तो तिथेच कामाला. ‘दे रे, मी आतून टाकतो’ म्हणाला, मी दिला. दोन राउंड छान झाले. मग कंपनीतून फोन आला, ‘तुमची प्रोफाइल डुप्लिकेट दाखवतेय.’ एकाच मोबाइल नंबरावर दोन नोंदी. कन्सल्टन्सी फी मागणार, मित्र रेफरल बोनस मागणार. एचआरने दोघांशी वाद घालण्यापेक्षा तिसराच उमेदवार घेतला. मित्राला वाटलं, मी त्याचा बोनस बुडवला.

यामागचं कारण कंपनी आणि कन्सल्टन्सी यांच्या करारात असतं. ज्या कन्सल्टन्सीने रेझ्युमे आधी पाठवला, तिचा त्या उमेदवारावर ठरावीक काळ हक्क धरला जातो. सहसा सहा महिने किंवा वर्ष. त्यावर तुमची सही नसते, कंपनीची असते. थेट अर्ज केल्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, पण एचआरची डोकेदुखी नक्की ठरता. दोन कन्सल्टंटनी एकाच जागेसाठी फोन केला, तरी हेच: पहिल्याला होकार दिलाय, हे दुसऱ्याला लगेच सांगायचं.

थेट बोललं तर चालतं, ते कुठे

इंटरव्ह्यूच्या दिवशी पाऊस, हार्बर ठप्प, तुम्ही कुर्ल्याला अडकलेले. अशा वेळी मेलमध्ये कंपनीचा नंबर दिला असेल, तर आधी तिथे फोन करा, मग कन्सल्टंटला. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने स्वतः कामाचा नमुना मागितला, तर त्यालाच पाठवा, कन्सल्टंटला सीसीत ठेवून. त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेलही चालतो. त्यात पगाराचा ‘प’ नको.

पगार, रुजू होण्याची तारीख, नोटिस पीरियडचा बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) या गोष्टी मात्र मधल्या माणसालाच बोलू द्या. तुमचा आकडा वाढला की त्याची फी वाढते, म्हणून तो तुमच्या बाजूने ओढतो, पण थोडंच. १९ लाखांवर गाडी अडून बसण्यापेक्षा त्याला १८ लाखांवर जमलेलं परवडतं. तेव्हा तुमचा शेवटचा आकडा तुम्हीच ठरवून ठेवा. एचआरने स्वतः फोन करून पगार विचारला, तर ‘कन्सल्टंटला विचारा’ म्हणून झटकू नका. बोला, आणि काय बोललात ते त्याच संध्याकाळी कन्सल्टंटला कळवा. एका उमेदवाराचे दोन आकडे कंपनीत पोहोचले, की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

कन्सल्टंट गप्प झाला तर

इंटरव्ह्यूआधी दिवसातून तीनदा फोन करणारा माणूस नंतर ब्लू टिकवर ठेवतो. यात नेहमी कपट नसतं. बरेचदा त्यालाच कंपनीकडून उत्तर आलेलं नसतं. कधी त्याचेच तीन उमेदवार त्या जागेसाठी असतात, आणि कोणीही लागला तरी त्याची फी तीच.

पहिला मेसेज इंटरव्ह्यूनंतर चार-पाच दिवसांनी करा. आठवड्याने दुसरा. तरीही काही नाही, तर त्याला मेल लिहा, व्हॉट्सॲप नको. मेल इंग्रजीत लिहाल हे गृहीत धरतो, मजकूर असा असावा: ‘१२ तारखेच्या इंटरव्ह्यूबद्दल काही कळलं नाही. शुक्रवारपर्यंत कळवावं. नाहीतर सोमवारी मी कंपनीच्या एचआरला फक्त स्थिती विचारीन. माझा अर्ज तुमच्यामार्फतच आहे, हे त्यातही लिहीन.’ पुष्कळदा शुक्रवारच्या आत फोन येतो.

नाही आला, तर सोमवारी एचआरला चार ओळी: इंटरव्ह्यू कधी, कोणत्या पदासाठी, कोणामार्फत आणि निर्णय कधी अपेक्षित आहे. कन्सल्टंट सीसीत. त्याच्याविरुद्ध एक शब्दही नाही, कितीही राग आला असला तरी. इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांना लिंक्डइनवर गाठून ‘सर, एनी अपडेट?’ विचारणं हा याला पर्याय नाही.

कंपनीच म्हणाली, ‘त्यांना सोडा’

छोट्या कंपन्यांत हे घडतं. फी वाचते ती त्यांची. नाव खराब होतं तुमचं. ‘माझं नाव त्यांच्यामार्फत आलंय, तेवढं तुम्ही आपसात मिटवून घ्या’ असं सौम्यपणे सांगा. मी असं सांगितलं तेव्हा पुढे ऑफर आली नाही, हेही नोंदवतो. करारातली महिन्याच्या पगाराएवढी फी बुडवायला निघालेल्या मालकाने माझा पगार वेळेवर दिला असता की नाही, हे मग तपासावं लागलं नाही.

एकदा ऑफर लेटर हातात पडलं, की कागदपत्रं आणि पगाराची खरी फोड यासाठी थेट एचआरशी बोला. फक्त राजीनामा दिल्याचं कन्सल्टंटला कळवा. रुजू झाल्यावर तो अधूनमधून फोन करील, ‘सगळं ठीक ना सर?’ उचला. ९० दिवस उलटले की तो फोन बंद होतो.