वर्कशॉपमध्ये स्वतः बनवलेल्या एअर क्लीनरला फिल्टर घेताना या चुका टाळा

बेळगावचं उद्यमबाग असो, मच्छे असो की खानापूरकडची एखादी शेड, फर्निचरचं काम चालतं तिथं हल्ली प्लायच्या खोक्याला एक्झॉस्ट फॅन लावून केलेला एअर क्लीनर दिसायला लागलाय. पोरं स्वतःच्या छातीची काळजी घ्यायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आत बसवलेला फिल्टर बघितला की जीव कळवळतो. खोकं मन लावून केलेलं असतं आणि फिल्टर मात्र दुकानदारानं हातात दिला तो.

झाडूनं गोळा होतो त्या भुशाची मला भीती नाही. सँडर (घासायचं मशीन) आणि एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुग्याच्या दाबलेल्या फळीवर, खाचा पाडणारा राऊटर जी पिठासारखी धूळ उडवतात, तिची आहे. १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण अगदी स्थिर हवेतसुद्धा माणसाच्या उंचीवरून खाली बसायला अर्धा दिवस घेतो. म्हणजे सकाळी घासलेलं संध्याकाळपर्यंत नाकात जात राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे ‘सगळ्यात भारी’ म्हणून थेट हेपा, म्हणजे अतिशय बारीक कणही धरणारा दाट फिल्टर आणणं. आमच्या ओळखीतल्या एका तरुण मिस्त्रीनं बऱ्यापैकी पैसे घालून हेपा आणला आणि १२ इंची एक्झॉस्ट फॅनला बसवला. महिन्याभरानं मला बोलावलं आणि कौतुकानं दाखवलं, “मामा, बघा की, अजून पांढराशुभ्र हाय! हवा किती साफ झालीया बघा.” मशीनवर बोट फिरवलं तर बोटाला पीठ. फिल्टरसमोर टिश्यू पेपर धरला तर तो चिकटेना, खाली पडला. फिल्टर खोलून काढला तेव्हा खरी गोष्ट कळली. घड्या पांढऱ्या, आणि फ्रेमच्या चारी कडांना तपकिरी धुळीचे पट्टे. जी थोडी हवा जात होती ती फिल्टरमधून नव्हे, फ्रेमच्या फटीतून जात होती. पोरगं महिनाभर त्याच हवेत, मास्क न लावता काम करत होतं. क्लीनर आहे म्हटल्यावर मास्क कशाला, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून मी हे प्रत्येकाला सांगत सुटलोय.

कारण साधं आहे. नव्या हेपातून ठरलेली हवा ओढायला साधारण २५ मिलिमीटर पाण्याइतका दाब लागतो. साधा एक्झॉस्ट फॅन जेमतेम काही मिलिमीटर देतो. म्हणून आपल्या कामाला एमईआरव्ही १३ (फिल्टर किती धूळ धरतो याचं अमेरिकी माप) किंवा जुन्या युरोपीय मापात एफ७ हा दर्जा पुरे. एमईआरव्ही १३ चा फिल्टर १ ते ३ मायक्रॉनची धूळ ८५ टक्के तरी धरतो, आणि खोलीतली हवा पुन्हापुन्हा त्यातूनच फिरते. एकदाच ९९ टक्के पकडण्यापेक्षा दिवसभर भरपूर हवा फिरवणं जास्त कामाचं.

आणि दर्जाइतकंच क्षेत्रफळ बघा. याचा हिशोब कुणी करत नाही. २० बाय १५ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे ३,००० घनफूट. तासाला आठ वेळा हवा फिरवायची तर मिनिटाला ४०० घनफूट. एवढी हवा एका १२ बाय १२ इंची फिल्टरमधून ओढायला गेलात तर वेग मिनिटाला ४०० फूट. तेच २४ बाय २४ चे चार फिल्टर खोक्याच्या चार बाजूंना लावले तर १६ चौरस फूट मिळतात आणि वेग २५ फुटांवर येतो. अडथळा वेगाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे फॅन मोकळा चालतो आणि फिल्टरही जास्त टिकतो. चार फिल्टरचा खर्च ऐकून लोक मागं सरतात. मी म्हणतो, दोन महिने थांबा, पैसे जमवा, पण एका छोट्या फिल्टरवर भागवू नका.

‘५ मायक्रॉनचा फिल्टर’ एवढंच सांगणाऱ्या दुकानदाराला विचारा, ५ मायक्रॉनची धूळ किती टक्के धरतो? उत्तर नसेल तर घेऊ नका. फ्रेमच्या मागच्या कडेला चारी बाजूंनी फोमची पट्टी हवीच, कोपऱ्यातसुद्धा तुटता कामा नये. फ्रेमवरचा बाण फॅनच्या दिशेला. फॅन फिल्टरच्या मागे, म्हणजे मोटरला स्वच्छ हवा.

दुसरी चूक बघितली की मी भांडायलाच उठतो. फिल्टर भरला की पोरं कॉम्प्रेसरची नळी घेतात आणि फुर्रकन मारतात. काम पटकन होतं आणि फिल्टर नव्यासारखा दिसतो. पण त्या झोतानं बारीक धागे फाटतात, डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि पकडलेली सगळी धूळ पुन्हा शेडमध्ये उडते. बऱ्याच सिंथेटिक फिल्टरच्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यानंच ओढले जातात. धुतलात की भार कमी होतो आणि राहते नुसती जाळी. मी पुढे धुता येणारा जाडसर प्री-फिल्टर लावतो, जी४ चा, म्हणजे त्याच युरोपीय मापातल्या जाड धुळीच्या दर्जाचा. तो दर शनिवारी बाहेर नेऊन, मास्क लावून, झटकतो. आतल्या फिल्टरला हात लावत नाही. बसवल्याची तारीख मात्र फ्रेमवर मार्करनं लिहितो.

बदलायचा कधी, हे रंगावरून ठरवू नका. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी यूच्या आकारात फळीला ठोका, थोडं रंगीत पाणी भरा, एक टोक खोक्याच्या आत आणि दुसरं मोकळं सोडा. फॅन लावल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो तो नव्या फिल्टरला लिहून ठेवा. फरक अगदी थोडा असेल तर नळी तिरकी बसवा, वाचायला सोपं जातं. फरक दुप्पट झाला की मी फिल्टर काढतो.

खानापूर भागातल्या पावसाळ्यात कागदी फिल्टर दमट होतात. तिकडे सिंथेटिकच घ्या.

ग्राइंडरच्या ठिणग्या या खोक्याजवळ अजिबात नकोत. भुशानं भरलेला फिल्टर पेट घेतो. आणि थिनर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची फवारणी चालू असताना फॅन बंद ठेवा. ही वाफ कुठल्याही धुळीच्या फिल्टरमध्ये अडकत नाही आणि साध्या मोटरच्या ठिणगीनं भडकू शकते. पॉलिशचं काम उघड्यावर न्या.