जुळे एस.यू. कार्ब्युरेटर जुळवल्याशिवाय एमजीबीला नवे सुटे भाग लावू नका

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ताब्यात आली, की बहुतेक मालक आधी रुंद एअर फिल्टर, नवा सायलेन्सर आणि वेगळी कॅमशाफ्ट मागवतात. पण १७९८ सीसीचे हे इंजिन आपली मूळ ताकद तरी पूर्ण देत आहे का, हे फारसे कोणी तपासत नाही. माझ्या अनुभवात या गाडीचा मंदपणा बहुधा इंजिनाला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या दोन एस.यू. कार्ब्युरेटरांच्या आपसांतील विसंवादातून येतो.

थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.३८ मिमी ठेवावी, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंट्सची फट ०.३५ ते ०.४० मिमी असावी, मग ठिणगीचे टायमिंग तपासावे. कार्ब्युरेटरवरच्या डॅशपॉटमध्ये (तेलाच्या नळकांड्यात) एसएई २० तेल भरून, एअर फिल्टर काढून इंजिन पूर्ण तापवावे.

आता खरे काम सुरू होते. दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करावेत, रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे, दुसरे प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एकाच जागी न्यावे आणि दोन्हीकडे हवेचा फुत्कार अगदी सारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवावेत. त्याआधी कार्ब्युरेटरखालच्या, मिश्रण ठरवणाऱ्या जेटच्या नटाला हात लावू नये. 'आधी मिश्रण ठरवा, हवा नंतर' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे, कारण हवा बदलली की मिश्रण पुन्हा बिघडते.

हवा जुळल्यावर कार्ब्युरेटरमधला पिस्टन त्याच्या पिनने जेमतेम ०.८ मिमी उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे. वेग पडला तर लीन (पेट्रोल कमी). क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर योग्य. नट खाली फिरवल्यास मिश्रण रिच होते, वर फिरवल्यास लीन. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवावी आणि इंजिन स्थिरावू द्यावे. एचआयएफ४ या प्रकारच्या एस.यू. कार्ब्युरेटरला असा नट नसतो, तिथे बाजूचा स्क्रू फिरवावा.

इतके करूनही मागचा कार्ब्युरेटर ऐकेना, म्हणून मी दोन शनिवार-रविवार नुसता नट फिरवत बसलो होतो. शेवटी थ्रॉटलची स्पिंडल (हवेची झडप फिरवणारी दांडी) बोटांनी वर-खाली हलवून पाहिली, तर ती चक्क खुळखुळत होती. झिजलेल्या जागेतून हवा आत शिरत असताना कोणतेच मिश्रण टिकणे शक्य नव्हते. म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी आणि स्पिंडल हलत असेल, तर नवी स्पिंडल व बुश बसवूनच पुढे जावे. शेवटी क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतात याची खात्री करावी.

इंजिन असे जुळल्यावर, गाडीची पकड सुधारण्यासाठी पुढच्या विशबोनच्या (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या बाहूच्या) आतल्या टोकांना एमजीबी जीटी व्ही८ या मॉडेलचे रबरी बुश बसवावेत. मात्र त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुढचा लिव्हर-आर्म शॉक अब्सॉर्बर हाच वरचा विशबोनही असतो, त्यामुळे तो गळत असल्यास तेल भरून भागवू नये. दुरुस्त केलेलाच बसवावा. त्यानंतर टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) १.५ ते २.४ मिमी ठेवावे.