घरगुती साबण, उटणे, बाम विकायला काढताय? या चुका टाळा

हाताने केलेला साबण, उटणे, केसांचे तेल, ओठांचा बाम असे छोटे उद्योग सध्या गावोगावी, बचत गटांतून आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरांतून सुरू होत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पहिली सहा महिने गिऱ्हाईक मिळते. अडचण येते ती पहिल्या पावसाळ्यात. क्रीमवर बुरशी दिसते, साबणाला घाम फुटतो, उटण्यात गुठळ्या होऊन जाळी धरते. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच, की सुरुवातीला ज्यात पाणी नाही किंवा मुरताना बरेचसे उडून जाते अशाच वस्तू करा. साबण, तेल, बाम आणि उटणे यांत हात बसू द्या. क्रीम, लोशन, जेल नंतर.

कोरफडीचे जेल: सगळ्यांत मोठी चूक

कोरफडीचा ताजा गर मिक्सरला फिरवायचा, व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल फोडून घालायच्या, बरणीत भरायचे आणि वर ‘शंभर टक्के नैसर्गिक, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे लेबल चिकटवायचे. हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की याबद्दल स्पष्टच लिहायला हवे. असे जेल विकू नका. पाणी आणि वनस्पतीचा गर एकत्र आला की त्यात जंतू वाढणारच. बुरशीचा ठिपका दिसण्याच्या कितीतरी आधी ते वाढलेले असतात, वास आणि रंग मात्र ठीक असतो. असे जेल मुरुमाच्या फुटलेल्या तोंडाशी किंवा डोळ्याजवळ लागले तर त्रास गंभीर होऊ शकतो.

व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना अडवत नाही. कडुनिंब, तुळस, टी ट्री तेल यांचेही तसेच. त्वचेला सोसेल एवढ्या प्रमाणात ते जेल टिकवू शकत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवायला सांगणे हाही उपाय नव्हे, कारण कुरिअरच्या गाडीत फ्रीज नसतो.

पुढे कधी पाण्याचे उत्पादन करायचे ठरवलेच, तर दोन गोष्टी आधी घ्या: पीएच (आंबटपणा) मोजायच्या पट्ट्या आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराकडे असतो तसला काटा. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही प्रिझर्व्हेटिव्ह पीएच ५ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तरच नीट काम करतात. पीएच ७ च्या लोशनमध्ये ती घातली काय नि न घातली काय. फिनॉक्सीइथेनॉल या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हची कमाल मर्यादा १ टक्का आहे. २०० ग्रॅमच्या घाण्यात ०.८ टक्के म्हणजे १.६ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा हे मोजूच शकत नाही.

साखरेचा स्क्रब याच गटात धरा. बरणीत जाताना तो कोरडा असतो, पण गिऱ्हाईक न्हाणीघरात ओल्या बोटांनीच तो काढणार आहे.

साबण: लिटर आणि किलो

साबणाची कृती वजनाची असते. तरीही तेल लिटरच्या पिशवीतून सरळ ओतले जाते. एक लिटर खोबरेल भरते सुमारे ९१५ ग्रॅम. एक किलो खोबरेलाला पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ५ टक्के तेल मुद्दाम जादा ठेवायचे म्हणून आपण १७४ ग्रॅम घेतो. आता किलोऐवजी लिटर ओतले, तर त्या तेलाला १६७-१६८ ग्रॅमच पुरतो. सहाएक ग्रॅम सोडा मोकळा राहिला. त्वचेसाठी जादा ठेवलेले तेल गेलेच, वर साबण चरचरणारा झाला.

दुसरा प्रकार तेल बदलण्याचा. खोबरेल महागले की अर्धे सूर्यफूल घालावेसे वाटते, ते चालते. पण सोडा पुन्हा काढावा लागतो. अर्धे खोबरेल, अर्धे सूर्यफूल असे किलोभर तेल घेतले तर ५ टक्के तेल जादा धरून सुमारे १५१ ग्रॅम सोडा लागतो. जुन्या सवयीने १७४ घातला तर जादा ठेवलेले तेलही संपून वर १५ ग्रॅम कॉस्टिक साबणात तसाच राहील. तेल बदलले, ब्रँड बदलला, प्रमाण बदलले की आकडेमोड पहिल्यापासून. (नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो, त्यात १५ ते २० टक्के तेल जादा ठेवतात.)

थंडीत खोबरेलाचा डबा अर्धा गोठलेला असतो. वरचे पातळ तेल ओतून घेऊ नका. पातळ आणि गोठलेला भाग सारखे नसतात. सगळा डबा वितळवून, ढवळून मगच मोजा.

कॉस्टिक सोड्याचे नियम थोडेच, पण त्यांत सवलत नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. चष्मा आणि हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची, मुलांना खोलीबाहेर काढायचे. आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातेले नको. आपल्या घरी मोठे पातेले बहुधा अ‍ॅल्युमिनियमचेच असते. सोडा त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिक वापरा. पावसाळ्यात सोड्याची बरणी उघडी राहिली तर तो हवेतली ओल ओढतो. मग काट्यावर १०० ग्रॅम दिसले तरी त्यात सोडा कमी आणि पाणी जास्त असते. साबण मऊ, तेलकट का राहिला याचे उत्तर पुष्कळदा त्या बरणीत सापडते.

बिघाड ओळखायचे कसे? वडीवर पांढरी पावडरीसारखी साय आली तर घाबरू नका. सोड्याचा हवेशी संयोग होऊन ती धरते, पुसता येते. वडी कापताना भुगा होतोय, आत पांढरे कठीण खडे दिसताहेत, तर सोडा जास्त झाला किंवा नीट विरघळला नाही. ती वडी विकायची नाही. नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास म्हणजे तेल खवट झाले, कच्चा मालच जुना होता. लवंगेचे तेल घातल्याबरोबर मिश्रण हातातच घट्ट झाले, तर तो लवंगेचा स्वभाव आहे. ते कमी घाला आणि अगदी शेवटी घाला. दूध किंवा मध घातला की मिश्रण तापते, कधी साच्यातून वर फुगून येते. दूध गोठवून वापरा, साचा गुंडाळून ठेवू नका.

रंगाची निराशा टाळता येईल. हळदीला चुना लावला की कुंकू होते हे आपल्याला ठाऊक आहे. साबणातही तेच घडते. हळद पिवळी न राहता लालसर तपकिरी होते आणि पुढे फिकी पडते. बीट तपकिरी पडते, गुलाबाच्या पाकळ्या काळपटतात. झेंडूसारख्या दिसणाऱ्या कॅलेंडुलाच्या पाकळ्या मात्र रंग टिकवतात.

आणि वजन. ताजी कापलेली १०० ग्रॅमची वडी चार ते सहा आठवडे मुरली की पाणी उडून ८८-९० ग्रॅमवर येते. लेबलवर १०० ग्रॅम छापले असेल तर ते कमी वजन ठरते. ११५ ग्रॅमची वडी कापा, मुरल्यावर मोजा, मग छापा. चार आठवड्यांआधी विकलेला साबण पाण्यात लवकर विरघळतो आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

उटणे आणि मसाल्याचा डंक

उटण्यात वाळा, नागरमोथा, गावला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल असा माल काष्ठौषधीच्या दुकानातून येतो. तो निवडून, पूर्ण कोरडा करून दळायचा असतो. पण कुठे दळणार? सोय म्हणून तो मसाल्याच्या डंकावर जातो. आदल्या घाण्याची मिरची डंकात उरलेली असते आणि दिवाळीच्या पहाटे ते उटणे तान्ह्या बाळाच्या अंगाला लागते. छोटी पल्व्हरायझर गिरणी स्वतःची घ्या, नाहीतर हळद-शिकेकाई दळणारीच गिरणी शोधा आणि पहिला किलो बाजूला काढा. मग वस्त्रगाळ करा. संत्र्याच्या सालीचा जाडा कण चेहऱ्यावर ओरखडे काढतो.

कोरडे उटणे टिकते, दमट उटण्यात कीड आणि बुरशी दोन्ही होतात. पावसाळी हवेत दळण करू नका. चंदनाबद्दलही खरे बोला. स्वस्तात मिळणारी ‘चंदन पावडर’ बहुधा दुसऱ्याच लाकडाचा भुगा असते. चंदन परवडत नसेल तर ते नाव लेबलवर घालू नका, वाळ्याचा सुवासही काही कमी नसतो.

बाम

मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, खोबरेल २४ अंशांना. पुण्यात घट्ट बसलेला बाम मे महिन्यात नागपूरला तेल होऊन पोहोचतो. उन्हाळ्यासाठी मेण वाढवा. कोकणातले मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, यासाठी फार गुणी आहे. ते सावकाश गार झाले तर कणीदार होते, म्हणून ओतल्यावर लगेच थंड करा. मेण घातलेल्या बामवर ‘व्हीगन’ (प्राण्यांपासून आलेले काहीही नसलेला) लिहू नका.

‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’

दालचिनीच्या सालीचे तेल नैसर्गिक आहे आणि ते त्वचा भाजते. लिंबाचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेले तर काळे डाग पडू शकतात. चेहऱ्यावर लावून ठेवायच्या वस्तूत सुगंधी तेले अर्धा ते एक टक्क्यापुढे नेऊ नका. खायचा सोडा घातलेल्या डिओडरंटचा पीएच ८ च्या वर जातो. त्वचेचा साधारण ५ असतो, म्हणून काखेत लाल चट्टे उठतात. बदाम, अक्रोड, शेंगदाणा यांची तेले असतील तर ठळक लिहा, ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना ते कळलेच पाहिजे.

‘ऑरगॅनिक’ हा शब्द जपून वापरा. शेतकरी ओळखीचा आहे, फवारणी करत नाही, एवढ्यावर तो लावता येत नाही. त्या कच्च्या मालाचे एनपीओपी किंवा पीजीएस (सेंद्रिय मालासाठीच्या दोन सरकारमान्य पद्धती) प्रमाणपत्र मागा आणि जेवढ्या घटकांना ते आहे तेवढ्यांपुढेच लिहा. ‘खरूज बरी होते’, ‘सोरायसिसवर गुणकारी’ असे लिहिले की कायद्याच्या नजरेत तुमचा साबण औषध होतो.

उद्यम म्हणजे लायसन्स नव्हे

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, करा. ती मोफत आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहा. पण उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी यांतल्या कशानेही सौंदर्यप्रसाधन बनवून विकण्याची परवानगी मिळत नाही. अंगाला लावायचा साबणही कायद्याने सौंदर्यप्रसाधनच आहे. त्यासाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू होतात. लायसन्स राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. वेगळी जागा लागते, देखरेखीला पात्र माणूस लागतो. जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपल्या कृतीने माल करून घेण्यासाठी लोन लायसन्सचा मार्ग आहे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकायचे असेल तर आयुर्वेदिक उत्पादनाचा वेगळा परवाना. बचत गटांनी एकेकटीने अर्ज करण्यापेक्षा एक सामाईक जागा उभारावी, असे मला फार वाटते.

लेबलवर लायसन्स क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, किती काळ वापरावे आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. जीएसटीत वस्तूंसाठी ४० लाखांची सवलत आहे, पण राज्याबाहेर विक्री केली की ती लागू होत नाही. ‘बेळगावच्या मावशींच्या मैत्रिणींना दहा वड्या’ ही विक्रीसुद्धा राज्याबाहेरचीच.

किंमत

वडीला तेल-सोडा ४० रुपये, कागद-डबी १०, म्हणून ८० ला विकू, हा हिशेब अपुरा आहे. तुमचे तास, फुकट गेलेला घाणा, नमुन्याच्या वड्या, प्रदर्शनाचे भाडे, दुकानदाराचे कमिशन यात कुठे आहे? दुकानदाराला ३० टक्के द्यायचे असतील तर ८० तले ५६ हातात आले, आणि कष्टाचे म्हणून सहा रुपये. किंमत आधी दुकानदाराची धरून काढा. स्वतः थेट विकली तर फायदा वर.

तक्रार आली तर

‘तुमच्या साबणाने पुरळ आले’ असा फोन एक दिवस येईलच. वाद घालू नका आणि ‘नैसर्गिक आहे, आधी थोडे बाहेर पडते’ असे तर चुकूनही म्हणू नका. वापर थांबवायला सांगा, त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा, पैसे परत करा आणि बॅच क्रमांक विचारा. प्रत्येक घाण्याची तारीख, प्रत्येक तेलाचे वजन, कोणत्या दुकानातून कधी आणले आणि वड्या कोणाकोणाला गेल्या हे वहीत असेल, आणि त्याच घाण्यातली एक वडी कपाटात राखून ठेवली असेल, तर तासाभरात कळते की बिघाड एका माणसाच्या त्वचेपुरता आहे की पूर्ण घाण्याचा. पूर्ण घाण्याचा असेल तर त्या यादीतल्या प्रत्येकाला त्याच संध्याकाळी फोन करा.